सत्तावीस जणांची वेलांटी

मराठी टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. 'किसन' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. कागदावर डोळ्याला जशी दिसते तशी. माजलगावात माझ्या टायपिंग क्लासला आलेल्या प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात मी हे सांगत आलो. संगणकाला मात्र उलटं हवं असतं. त्याला आधी क लागतो, मग वेलांटी, कारण आपण बोलतो त्या क्रमाने तो अक्षरं साठवतो.

एवढ्याशा फरकापायी माझा क्लास, सुनंदाबाईंची खुर्ची आणि युरोपातला मी कधीही न पाहिलेला एक गृहस्थ एकमेकांत कसे गुंतले, ते लिहायला बसलो आहे. बाकी माझ्या धंद्यात सांगण्यासारखं फार नाही. पाठ ताठ ठेवा, कळांकडे बघू नका, स्पेस अंगठ्याने द्या, ही तीन वाक्यं बोलण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. बाजार खुला झाल्याचं आम्हाला वर्तमानपत्रातून कमी आणि मोंढ्याच्या रस्त्यावरून जास्त कळत होतं. बियाण्याच्या दुकानाशेजारी मोटारसायकलींची शोरूम आली, पिठाच्या गिरणीला लागून मोबाइलचं दुकान आलं. क्लासच्या दारात पालक चप्पलही न काढता विचारायचे, "काम्पुटर हाय का?" नाही म्हटलं की तिथूनच वळायचे. मी एका कार्यालयाने मोडीत काढलेले सहा संगणक आणले. त्यांना चालवणारी प्रणाली रीतसर विकत घेणं मला झेपणारं नव्हतं आणि चोरून घातलेली मला चालणार नव्हती. बायको म्हणाली, "सगळा गाव तसाच वापरतोय, तुमचंच काय अडलंय?" मी म्हणालो, "मी क्लासमध्ये प्रमाणपत्रं देतो. खाली सही माझी असते."

मार्ग एका संगणकविषयक मासिकाने दाखवला. त्यासोबत एक तबकडी फुकट आली होती. तीत एक मोफत प्रणाली होती, कुण्या कंपनीच्या मालकीची नसलेली. जगभरची माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ती लिहीत होती आणि आतला सगळा मजकूर उघडा ठेवत होती. कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, वाटावा. तीत मराठीही होती, आणि मराठीसाठी कळांच्या दोन मांडण्या होत्या. एक नवी, उच्चाराच्या क्रमाची. दुसरी जुनी, टाइपरायटरची. आमच्या बोटांना माहीत असलेली.

फक्त जुन्या मांडणीत वेलांटी बिघडलेली होती. आमच्या सवयीने आधी वेलांटी मारली की ती पुढच्या अक्षराची वाट न पाहता मागच्याच्या गळ्यात पडायची. मागे कुणी नसेल तर ठिपक्यांच्या एका गोलावर लटकत राहायची.

सुनंदाबाई माझ्या पहिल्या तुकडीतल्या. तहसीलसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्या प्रतिज्ञापत्रं टाइप करायच्या. मराठीत मिनिटाला पंचेचाळीस शब्द, तेही शेजारच्या रसवंतीच्या घुंगरांच्या तालात आणि गिऱ्हाइकाशी बोलत. पुढे एका वकीलसाहेबांनी त्यांना आपल्या ऑफिसात खुर्ची दिली. मग साहेबांनी संगणक घेतला, आणि माझ्याच सल्ल्यावरून त्यात ही मोफत प्रणाली घातली. पहिल्याच अर्जात सुनंदाबाईंच्या सरावाच्या बोटांनी 'वकिलामार्फत' असं मारलं आणि कागदावर उमटलं 'विकलामार्फत'.

साहेबांनी कागद वर धरला. "बाई, मला कुनी अन् कितीला विकलं?"

ऑफिस हसलं. साहेबही हसले, पण नंतर शांतपणे म्हणाले की दसऱ्यापर्यंत थांबतो, त्यानंतर संगणकावर चालणारं माणूस बघावं लागेल.

सुनंदाबाई क्लासवर आल्या. "सर, ती नवी मांडणी शिकून बघितली. पंधरा दिवस झाले. माजं डोकं ऐकतंय, बोटं न्हाई ऐकत."

मी त्यांची चाचणी घेतली. नव्या मांडणीवर मिनिटाला नऊ शब्द. पंचेचाळिसावरून नऊ. मी त्यांना म्हणालो, प्रणालीची पुढची आवृत्ती येऊ घातली आहे, तीत वेलांटी दुरुस्त होईल. कशाच्या आधारावर म्हणालो, ते विचारू नका.

आता हे मोफतवाले लोक आपसात कसे ठरवतात, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्यांचं ऑफिस नव्हतं, अध्यक्ष नव्हता. एक टपाल-यादी होती. तुम्ही ईमेलने एक पत्र लिहायचं, ते यादीतल्या सगळ्यांना जायचं. उत्तर द्यायचं ते ज्या वाक्याला द्यायचं त्याच्या खाली, म्हणजे कोण कशाला काय म्हणालं ते कळतं. ही पत्रं कायम उघडी राहायची, पाच वर्षांनी कुणी वाचली तरी वाचता यावीत म्हणून. कुणी प्रस्ताव मांडला की आठवडाभर वाट पाहायची. कुणी हरकत घेतली नाही तर सर्वांची संमती आहे असं धरायचं. ज्याला प्रस्ताव पटला तो खाली नुसतं 'अधिक एक' लिहायचा, आकड्यात.

मी सोमवारी आणि शुक्रवारी शिवलिंगअप्पांच्या बूथवर हे टपाल बघायला जायचो. अप्पांचं किराणा दुकान होतं. गुळाच्या ढेपी एका बाजूला सारून दुसऱ्या बाजूला त्यांनी एसटीडीची काचेची पेटी आणि दोन संगणक बसवले होते. अप्पा माझे बालमित्र, पण त्यांची खरी आवड पतसंस्थेचं राजकारण. एका सोमवारी पडद्यावरचं पत्र वाचून माझा चेहरा उतरला.

"कावून बे मास्तर? कुनी मेलं का?"

"आमची मांडणी काढून टाकायचं म्हणतायत."

प्रस्ताव योहान नावाच्या युरोपातल्या माणसाचा होता. भारतीय भाषांच्या मांडण्या एकत्र बांधून द्यायचं काम तो करायचा. दिवसा कुठल्याशा छापखान्यात नोकरी आणि संध्याकाळी हे. त्याने लिहिलं होतं: टाइपरायटरची मांडणी दर आवृत्तीत मोडते, तिला सांभाळणारं कुणी नाही, वापरणारं कुणी असेल असं दिसत नाही, तर काढावी का? खाली चार जणांनी 'अधिक एक' लिहिलं होतं. आठवड्यातले चार दिवस गेले होते.

मी माझ्या पद्धतीने पत्र लिहिलं. सन्माननीय महोदय, विषय, संदर्भ, आपला विश्वासू. आणि ते यादीला न पाठवता एकट्या योहानला पाठवलं. आमच्याकडे सभेत उभं राहून हरकत घेणं म्हणजे भांडण उकरणं. शहाणा माणूस आदल्या दिवशी अध्यक्षांच्या घरी जातो, चहा पितो आणि विषय मिटवतो. तासाभरात योहानचं दोन ओळींचं उत्तर आलं. नमस्कार, पत्र आवडलं, पण मी एकटा ठरवू शकत नाही, कृपया हे सर्वांसमोर लिहा.

मग मी यादीवर लिहिलं. हरकत नोंदली गेली, पण खाली कुणी काही बोललं नाही. अप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते. "ते अधिक एक अधिक एक काय हाय?"

"ज्यांना प्रस्ताव पटला ते."

"म्हंजे मतदान की!" अप्पांचे डोळे चमकले. "चार मतं पडली त्यांची. आन् तू एकटाच बसलाय पत्रं लिहीत. जा, क्लास घे जा."

मी खरोखरच क्लास घ्यायला गेलो. ती चूक झाली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी बोलावून घेतलं. बूथमध्ये पेढे होते. अप्पांनी सकाळपासून माझे जुने-नवे विद्यार्थी गोळा केले होते. भुसार अडतीवरचा मुनीम, पंचायत समितीतला क्लार्क, शाळेतल्या दोन बाई, लग्नपत्रिका छापणारा, सुनंदाबाई, आणि शेवटी ते स्वतः. प्रत्येकाचा ईमेल पत्ता तिथल्या तिथे काढून, यादीचं सभासद करून, एकच मजकूर पाठवला होता: मी या मांडणीस पाठिंबा देतो, अधिक एक. बायकांनीसुद्धा 'देतो'च पाठवलं होतं.

"सत्तावीस," अप्पा म्हणाले. "मागच्या टायमाला पतसंस्थेत मी सव्वीस मतांनी पडलतो. तवापसून ठरवलं, कुटंबी गेलो तर सत्तावीस घिऊन जायचं."

माझ्या तोंडातला पेढा गोड लागेना. संध्याकाळी योहानचं पत्र आलं. एकाच ठिकाणाहून, एकाच दुपारी, एकाच मजकुराची सत्तावीस पत्रं आली आहेत. बहुधा हा एकच माणूस आहे. त्या ठिकाणाहून येणारी पत्रं तूर्त थांबवली आहेत. मी घाईघाईने खुलासा लिहिला. तो गेलाच नाही, कारण तोही त्याच बूथवरून जात होता. यादीच्या हिशोबी सत्तावीसजण नव्हतेच, आणि आता मीही नव्हतो. आठवडा संपायला दोन दिवस उरले होते. सुनंदाबाई गुळाच्या ढेपीजवळ उभ्या होत्या. "सर, आपल्या मतानंच आपुन पडलो का?"

बुधवारी सकाळी पहिल्या गाडीने मी बीडला गेलो आणि बसस्थानकाजवळच्या एका सायबर कॅफेत बसलो. यावेळी विषय-संदर्भ लिहिले नाहीत. साध्या इंग्रजीत लिहिलं की ही सत्तावीस माणसं खरी आहेत. आमच्याकडे सूतगिरणीपासून पतसंस्थेपर्यंत सगळं डोकी मोजून ठरतं. निकाल सभेत लागत नाही, सभासद नोंदवण्यात लागतो. आमच्या मित्राने तुमचं 'अधिक एक' बघितलं आणि त्याला जे येतं ते त्याने केलं. यात फसवणूक नाही, उत्साह आहे. पुढे सुनंदाबाईंचे दोन आकडे लिहिले, पंचेचाळीस आणि नऊ, आणि दोन्ही चाचण्या एकाच उताऱ्यावर कशा घेतल्या ते सांगितलं. दसऱ्याचंही लिहिलं, आणि हे पत्र बसने बीडला येऊन पाठवतोय हेही. कुणाची दया मागितली नाही. पंचेचाळिसातून नऊ वजा करून उत्तर तेवढं पुढे ठेवलं.

पहिलं उत्तर बंगळुरूच्या मीनाक्षीचं आलं. ती तिथे इंजिनिअर होती आणि यादीवर कन्नडचं काम बघायची. तिने लिहिलं, एवढं हसले नव्हते कित्येक दिवसांत, आणि खाली लिहिलं की हरकत मला ग्राह्य वाटते. मग योहान. त्याचं पत्र मी त्या कॅफेत छापून घेतलं. त्याने आधी माफी मागितली. मग लिहिलं, आम्ही डोकी मोजत नाही. 'अधिक एक' म्हणजे मत नव्हे, 'मी याच्यामागे उभा राहीन' असा त्याचा अर्थ. सत्तावीस पाठिंब्यांपेक्षा मला तुमचे दोन आकडे पुरतात. पण मांडणी ठेवायची तर दर आवृत्तीत ती तपासणारं कुणीतरी पाहिजे. मला मराठी येत नाही. एक महिना थांबतो. कोण तपासणार?

परतीच्या गाडीत मी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि पुन्हा पुन्हा काढलं. आमच्या सभांमध्ये मी आजवर ऐकलेला शेवटचा प्रश्न 'कोण अनुकूल?' हाच असायचा. 'कोण करणार?' असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

अप्पांना सांगितलं तर ते आधी रागावले. "मतं मोजत न्हाईत म्हंजे? मग ठरतं कसं?"

"काम करणारा ठरवतो."

अप्पांनी गल्ल्यातली चिल्लर एकदा मोजून काढली. त्यांच्यासारख्या माणसाला हे पचायला जड होतं. मग म्हणाले, "सत्तावीस तर हायतच की आपल्याकडं. मतदार म्हनून चालत न्हाईत तर कामाला लाव."

पुढच्या रविवारी सत्तावीसच्या सत्तावीस क्लासवर हजर होते. चहा अप्पांकडून. मीनाक्षीने वेलांटीची दुरुस्ती लिहून पाठवली होती. तिची कल्पना सोपी होती, वेलांटी मारली की संगणकाने ती हातात धरून ठेवायची आणि पुढचं अक्षर आलं की त्याला जोडायची. ती आम्ही सहा संगणकांवर घातली. प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामातला मजकूर आणायचा होता. मुनीम अडतीच्या हिशेबाची पट्टी घेऊन आला, क्लार्क विहिरीचा प्रस्ताव, छापणारा लग्नपत्रिका. एका बाईंनी शाळेची स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका आणली. प्रत्येकाने तोच मजकूर आधी टाइपरायटरवर आणि मग संगणकावर मारायचा.

तपासायची पद्धत आमच्या धंद्यातलीच वापरली. परीक्षेच्या सरावाचे कागद मी वाचून तपासत नाही. वाचताना डोळा चूक आपणहून सुधारून घेतो. म्हणून मूळ कागद आणि मुलाचा कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. उजेडात ओळ ओळीवर बसते आणि चुकलेलं अक्षर काळा डाग होऊन उठून दिसतं. संगणकाच्या कागदाचं अक्षर टाइपरायटरएवढं तंतोतंत बसत नव्हतं, पण आकार जुळवून आम्ही शब्दाशब्दाचे तुकडे लावले. त्या रविवारी पूर्वेच्या दोन खिडक्यांना माणसं चिकटली होती. रस्त्यावरून जाणारे थांबून विचारत होते, आत काय दाखवतात?

साधे शब्द बरोबर बसले. माहिती, वकील, वकिलामार्फत, सगळं जागेवर. डाग ठरावीक ठिकाणी पडत होते, 'स्थिती'वर, 'व्यक्तिगत'वर. कुठे काय बिघडतंय, ते मला आकड्यांत सांगता येत होतं, पण कारण हाती लागत नव्हतं. सुनंदाबाई टाइपरायटरवर 'स्थिती' मारून बघत होत्या, हळू, एकेक कळ. वेलांटी, अर्धा स, मग थ.

"सर, ते अर्धं अक्षर आलं की वेलांटीला दम निघत न्हाई," त्या म्हणाल्या. "अर्ध्याच्याच गळ्यात पडती. आपलं बोट कसं थांबतंय बघा. अर्धं आलं म्हंजे अजून पुरं यायचंय. पुरं आल्याबिगर जोडायचं न्हाई."

मी हे जसंच्या तसं इंग्रजीत करून मीनाक्षीला कळवलं. बूथवरची बंदी उठली होती, त्यामुळे बीडला जावं लागलं नाही. तिने लिहिलं, मी जन्मात टाइपरायटरला हात लावलेला नाही, हे मला घरबसल्या सुचलं नसतं. चार दिवसांत नवी दुरुस्ती आली. पुढच्या रविवारी पुन्हा काचेला कागद. मग एक डाग राहिला, तो माझाच होता. दुरुस्ती घालताना मी कळांच्या तक्त्यात एक ओळ चुकीची बसवली होती. अप्पांनी पेढा खाता खाता तो सगळ्यांना दाखवला.

महिना पुरा व्हायच्या आत मी यादीवर अहवाल लिहिला. कुणी काय टाइप केलं, कुठे चुकलं, कशाने सुधारलं. खाली 'अधिक एक' लिहिलं. मग मुनिमाने लिहिलं: मी अडतीच्या पट्ट्या तपासल्या, पुढेही तपासेन, अधिक एक. मग क्लार्कने, मग बाईंनी. सत्तावीस पत्रं आली, पण यावेळी कुठलीही दोन सारखी नव्हती. सुनंदाबाईंनी आपलं पत्र मराठीतच लिहिलं, जुन्या मांडणीवर, आणि त्यात मुद्दाम एक 'स्थिती' घातली.

योहानने प्रस्ताव मागे घेतला. शिवाय यादीचा एक नियम बदलावा असं सुचवलं. एखादी गोष्ट काढून टाकायची असेल तर आठवड्याऐवजी महिनाभर थांबावं, कारण काही ठिकाणी हरकत बसने येते. त्यावर कुणीही हरकत घेतली नाही.

नवी आवृत्ती दसऱ्याच्या आठ दिवस आधी आली. मी वकीलसाहेबांच्या संगणकावर ती चढवली आणि बाजूला उभा राहिलो. सुनंदाबाई बसल्या. साहेबांनी उभ्या उभ्या जमिनीच्या वाटपाचा एक दावा सांगायला घेतला, भराभर, परीक्षा घेतल्यासारखा. त्या कळांकडे बघत नव्हत्या. साहेबांकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, मी शिकवलं होतं तसं. कागद निघाला. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, मी काही विकलो गेलो न्हाई आज."

"न्हाई सायेब," सुनंदाबाई म्हणाल्या. "पुढचं सांगा."

त्या ऑफिसात त्या पुढे कित्येक वर्षं होत्या. आता टाइपरायटरची मांडणी शिकायला कुणी येत नाही. पोरं मोबाइलवर बोलतात आणि तो लिहून देतो. माझ्या क्लासमधले टाइपरायटर मी एकेक करून दिले, एक ठेवला आहे. योहानला आणि मीनाक्षीला मी कधी भेटलो नाही, त्यांचे चेहरेही मला माहीत नाहीत, याची हळहळ वाटते. पण वेलांटी मागच्या अक्षराच्या गळ्यात पडली असं पत्र त्यानंतर आलेलं नाही. अजूनही नवी आवृत्ती निघायची असली की आम्ही उरलेले काहीजण काचेला कागद लावतो.

त्या आवृत्तीबरोबर एक निवेदन आलं होतं. काम करणाऱ्यांची नावं शेवटी होती आणि त्यांत सलग माजलगावची नावं. मी ती अप्पांना बूथवर वाचून दाखवली. मुनीम, क्लार्क, बाई, छापणारा, सुनंदाबाई. चहा आणि पेढ्यांशिवाय अप्पांनीही रविवारी किराणा मालाची यादी मारून तपासली होती, म्हणून त्यांचंही नाव होतं. त्यांनी ते पडद्यावर बोट ठेवून स्वतः वाचलं, मग सगळी नावं बोटाने मोजली.

"मास्तर, पतसंस्थेला मी चार डाव उभा राह्यलो," ते म्हणाले. "अशी निवडणूक बघितली न्हवती बे. सत्तावीस मतं टाकली, आन् सत्तावीसच्या सत्तावीस निवडून आले."